दारूविना ठासलेली गोळी

प्रिय एल्झीमामा,

तुझी ठासणीची बंदूक मीच नेली, न विचारता. तीन वर्षं झाली. शेजाऱ्यावर आळ घेत असशील तर सोड.

आज टेनेसीच्या डोंगरात हिकरीच्या झाडावर एक खार दिसली. नळीत बंदुकीची दारू ओतणार, तेवढ्यात ती फळ कुरतडताना अगदी तुझ्यासारखी मान तिरकी करते, हे बघत बसलो. मग गोळी ठासली ती दारूविनाच. चाप ओढला, घोडा पडला, पण नुसती ठिणगीची टोपी फुटली. खार शेपूट उडवत निघून गेली.

सोबतचा डेल्मर हसत म्हणाला, "कुठल्या गाढवानं शिकवलं रे तुला? आण इकडे, दोन मिनिटांत काढतो गोळी."

"मामानं शिकवलं," मी म्हटलं. "राहू दे अडकलेली."

गोळी उपसायचा तुझा स्क्रू चुलीमागे खिळ्याला असतो. फार भटकलो मामा, आता पाय ओढवत नाहीत. 'माफ कर' म्हणायला तोंड नाही, पण 'गोळी अडकलीय, काढून दे' एवढं म्हणता येईल.

हे पत्र टाकत नाही. टाकलं, तर दार उघडायचं की नाही हे तू मी यायच्या आधीच ठरवशील.

तुझा भाचा,
वेन्डल