फाटकाबाहेर

॥ श्री ॥
भिसेगाव, २ डिसेंबर २०२४

चि. मैना हिस येसाजीदादाचे आशीर्वाद.

तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा तुझ्याशी बोलणार नाय अशी मी भावकीसमोर शपथ घेतली. लिहिणार नाय असं कुठं म्हटलं होतं? म्हणून हे पत्र. हसू नको.

आईनं अंथरूण धरलंय. पेजसुद्धा दोन चमचेच जाते. सारखं तुझं नाव घेते, तुझ्या वहिनीला, नम्रताला, म्हणते की मैनाला बोलाव. तर ये गं. पण कुंकू लावून ये आणि तुझ्या त्या देवाला फाटकाबाहेर ठेव. घरात त्याचं नाव नको, प्रार्थना नको. कबूल असेल तर उलट टपाली कळव.

लोभ हाय, म्हणून तर रागावतो.
तुझा दादा

मोहोपाडा, ७ डिसेंबर २०२४

ती. दादास मैनाचा शि. सा. नमस्कार.

पत्र आज मिळालं. अक्षर पाहून आधी हसले, मग रडले. हसू नको म्हणालास, काय करू!

कुंकू आईसाठी कपाळभर लावीन. पण दुसरं कसं जमवू? माझी ऋतिका गेली, दिवस संपले, तुम्ही सगळे आपापल्या घरी गेलात. मी मोरीत बसून तिचा शाळेचा डबा घासत होते. स्वच्छच होता, तरी घासत होते. शेजारच्या सुनितानं सकाळी वाचून दाखवलं होतं की मित्राच्या थडग्यापाशी येशू रडला. देव रडतो हे मला नवीनच. म्हटलं, बाबा, असशील तर बस माझ्यापाशी. आणि तो बसला रे दादा. दिसलं काही नाही, ऐकू आलं नाही. पण मोरीत मी एकटी नव्हते. पोर परत आली नाही, जीव अजून जळतो. तो मात्र उठून गेलेला नाही.

त्याला बाहेर ठेवायचं तर मलाही बाहेरच थांबावं लागेल. तू हो म्हण, मिळेल त्या रिक्षानं निघते.

रागाच्या जोडीला लोभही राहू दे.
तुझी मैना

भिसेगाव, १९ डिसेंबर २०२४

चि. मैनास आशीर्वाद.

तुझं पत्र मागल्या आठवड्यात मंगळवारी आलं. आई सोमवारीच गेली होती. नम्रतानं फोन केला म्हणून तू आलीस आणि कुंकू लावून फाटकाबाहेर उभी राहिलीस. मला वाटलं, केवढा हा ताठा! मान फिरवली आणि खांदा दिला. दुसऱ्या दिवशी पत्र वाचलं तेव्हा कळलं, तू बाहेर का थांबलीस.

काल दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना. आबाजीकाकांनी काय काय कबूल केलं, नातवाचं लग्न, देवीची ओटी, गाय विकणार नाय. मला ठाऊक होतं आईचा जीव कशात अडकलाय. मैनाला घरात घेईन, एवढंच म्हणायचं होतं. भावकीसमोर तोंड उघडलं नाय. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

घरी येऊन मी आईचा तांब्या घेतला आणि मोरीत बसलो. चिंच लावून घासत राहिलो. तुझ्यासारखंच म्हटलं, असशील तर बस. कोणी आलं नाय गं. निदान मला तरी कळलं नाय.

शपथ मोडली म्हणून भावकी काय करायचं ते करो. तू ये. त्यालाही आत घेऊन ये आणि जरा माझ्यापाशी बसायला सांग.

लोभ मागायला तोंड नाय.
तुझा दादा