रीशफलचा अर्थ

१४ जुलै
विश्वेश्वर सरांनी आज पुन्हा बॅचेस हलवल्या. चाचणीत मार्क कमी पडले की पोरं मागच्या हॉलमध्ये. तिथं शिकवायला नवखे, शंका विचारायला कोणी नाही. आणि याला नाव काय, तर ‘रीशफल’! पालकांचे फोन घ्यायचे मी. सरांचं ठरलेलं, “खाली टाकलं म्हणायचं नाही मॅडम. इंग्रजी शब्द दिला की माणूस पुढं विचारत नाही.” क्लास त्यांचा, तोंड माझं.

१५ जुलै
सुटल्यावर स्वप्ना थांबली. धर्मापुरीकडची, मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला बीडला राहते. तीही मागच्या हॉलमध्ये गेली. “मॅडम, घरचं कोणी विचारलं तर रीशफलच सांगा. मागं पडले कळलं तर गावाकडं नेतील.” चिडलेच मी! असं कोणी नेत नसतं, म्हणाले.
घरी येऊन डिक्शनरी काढली. शफल म्हणजे आधी पाय फरपटत चालणं. ढकलणं या अर्थाच्या ‘शव्ह’चा भाऊबंद. पत्ते पिसणं नंतरचं. री म्हणजे पुन्हा. म्हणजे रीशफल काय, तर पोरांना पुन्हा फरपटवा! इंग्रजीची एम.ए. मी, आणि दिवसभर लोकांना ‘नवी मांडणी’ सांगत बसते.

१७ जुलै
फोन, फोन, फोन. जीभ विटली.

१९ जुलै
स्वप्नाची आई, वनमालाबाई, एसटीनं आल्या.
“रीशफल म्हंजे काय वो, बाई? पोरगी सांगंना.”
नवी मांडणी, म्हणाले.
“मांडणी आमी बी करतो, घरात डबे हलवितो. वर गेली का खाली, तेवढं सांगा.”
इतक्या पालकांत हे विचारणारी ही एकटी! मला राहवेना. खाली, म्हणाले. का गेली, तेही सांगितलं. पोरगी हुशार आहे, दोन महिन्यांत वर येईल, हेही सांगितलं. बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटलं. सरांना कळलं तर कळू दे.

२१ जुलै
स्वप्ना आली नाही. दुपारी वनमालाबाईंचा फोन. “लई उपकार झाले, बाई. तुमी खरं बोललात म्हणून आमाला कळलं. काल आणली तिला घरी. रविवारी पाहुणे बघायला येत्यात. तुमी बी या.”