दादाची गिटार आणि माझी कानस

रविवार, १५ ऑक्टोबर १९६१
कालच्या नोंदीत दुरुस्ती. गिटारच्या तारा पडद्यांपासून 'वीतभर वर' आहेत असं मी लिहिलं. ते खोटं आहे. आज तारेखालून पेन्सिल घालून पाहिली. एक आरपार जाते, एकावर एक दोन जात नाहीत. बोटं सुजली असली तरी रागात लिहू नये.

गिटार रत्नाकरदादानं स्वतःच्या हातानं केली, फणसाच्या लाकडाची. गेल्या भाऊबीजेला ओवाळणी म्हणून दिली आणि लगेच कानपूरच्या ट्रेनिंगची गाडी गाठायला पळाला. जाता जाता म्हणाला, नीले, शिकून ठेव, पुढच्या भाऊबीजेला अप्पांना ऐकवू. त्याला कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडून इथंच चामराजपेटेत वाद्यांचं दुकान काढायचंय. अप्पांचं म्हणणं, आधी त्याच्या बहिणीला एक तरी गाणं वाजवून दाखवू दे, मग बोलू.

म्हणजे सगळं माझ्यावर आहे. गिटारमध्ये दोष आहे, पण ते या घरात कुणाला कळणार नाही. दोष मी काढणार. क्लासला जाणार नाही. अप्पांनी मला दहाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं. काही अडलं नाही.

बुधवार, १८ ऑक्टोबर. आयुधपूजा
आज काम सुरू करणार होते. पण आईनं दादाची कानस पूजेत मांडली. हळदकुंकू, झेंडूचं फूल. पूजेतलं हत्यार आज उचलत नाहीत. माझा इलाज नव्हता.

प्रेमाअक्का शेजारून हळदीकुंकवाला आली. ती वीणा वाजवते, त्यामुळे तिला प्रत्येक वाद्य वीणाच वाटतं. आपल्या कानडी ढंगात म्हणाली, स्वल्प मांडीवर आडवी ठेवून बघ ग. मी 'सरी, अक्का' म्हटलं आणि विषय बदलला. फूटपाथवर घेतलेल्या पुस्तकात साहेब गिटार छातीशी धरून बसलाय. ते चित्र छापलेलं आहे. अक्काचं मत छापलेलं नाही.

रविवार, २२ ऑक्टोबर. दुपारी
तारा काढल्या. घोडीत एक पांढरी पट्टी बसवलेली असते, तारा तिच्यावरून जातात. तीच उंच आहे. घोडीपाशी जितकं घासावं त्याच्या निम्मंच मधल्या पडद्यापाशी उतरतं. समरूप त्रिकोण. ही सिद्धता अप्पांनी मला पाटीवर शिकवली होती. दादा इंजिनियरिंगच्या डिप्लोम्यात शिकला आणि विसरला, असं दिसतं. मी त्याला दोष देत नाही.

मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसून घासली. दाताच्या डॉक्टरकडे येतो तसला वास सुटला. आईनं आतून विचारलं, काय ग, कसली पट्टी ती? मी म्हणाले, पांढरी. हे खरं आहे. हाडाची का, असं तिनं विचारलं नाही. तरी मनाला लागलं, म्हणून पुन्हा अंघोळ केली.

रविवार, २९ ऑक्टोबर
तारा मधे खाली आल्या, पण गिटारच्या डोक्याकडे अजून तशाच उंच. दादानं तिकडचीही पट्टी उंच बसवलीय. एकच चूक दोन ठिकाणी. तीही घासली. जरा जास्त.

आता तार बोटाखाली लोण्यासारखी दबते. डब्यात माशी अडकावी तसा आवाज येतो खरा. पण तंबोऱ्याला अशी जवारी मुद्दाम, दोरा घालून आणतात. इथं आपोआप आली.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर
अप्पांनी पेपर खाली ठेवून विचारलं, रेडिओ बिघडलाय का? मी म्हणाले, माझी बोटं टायपिंगच्या क्लासनं दमलीत, गिटार उत्तम आहे. ते म्हणाले, असेल बाई. दादाविरुद्ध एक शब्द मी ऐकून घेणार नाही.

पट्टीखाली लग्नपत्रिकेचा तुकडा घातला. माशी थोडी लहान झाली.

ठराव: भाऊबीजेला सोपी चाल वाजवायची. जिथं माशी जास्त ओरडते ते पडदे टाळायचे. कुणाच्या लक्षात येणार नाही.

शुक्रवार, १० नोव्हेंबर. भाऊबीज
दादाला ओवाळलं. मी गिटार घेणार, तेवढ्यात त्यानं खिशातून एक चकचकीत पोलादी कांडी काढली. बोटाएवढी. म्हणाला, गेल्या वर्षी घाईत ही द्यायची राहिली, यंदा लेथवर नवी केली. मग त्यानंच गिटार मांडीवर आडवी ठेवली, डाव्या हातानं कांडी तारांवर धरली आणि सरकवली.

खडखड. कांडी प्रत्येक पडद्यावर आपटत गेली.

दादा थांबला. आधी घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

अप्पा म्हणाले, रत्नाकर, तुझं ड्रॉइंग चांगलं आहे, बाबा. त्यातच राहा. सोमवारी कारखान्याच्या बाँडवर सही करून टाक, पाच वर्षं निश्चिंत. दादा 'बरं' म्हणाला. मी तोंड उघडणारच होते. तोंडात करंजी होती.

नंतर स्वयंपाकघराच्या दारात त्यानं हळूच सांगितलं. ही हवाईयन गिटार ग. कांडी पडद्यांना लागू नये म्हणून तारा मुद्दाम वर ठेवतात. मी म्हटलं, मग सांगायचंस. तो म्हणाला, आपल्या मराठी मंडळात सगळे अशीच वाजवतात, मला वाटलं तुला ठाऊक. मंडळात मी जात नाही. तिथं सगळे वय विचारतात.

मी म्हटलं, नवी पट्टी बसव आणि अप्पांना ऐकव. तो म्हणाला, सुकलेलं हाड इथं लगेच कुठून आणू? आणि तू काही बोलू नकोस, उगाच तुला ओरडतील.

शनिवार, ११ नोव्हेंबर
दादा काहीही म्हणो. मी खोटेपणा सहन करणारी नाही. अप्पांपुढं ताठ उभं राहून सांगणार: गिटार चांगली होती, ती मी घासली, दादाला दुकान काढू द्या. घाबरायचं कारण नाही.

प्रश्न फक्त दिवसाचा. आज अप्पांचा शनिवारचा उपवास. उपाशी माणसाला धक्का देऊ नये. उद्या आत्याकडची माणसं जेवायला आहेत. त्यांच्यासमोर घरातल्या गोष्टी नकोत. सोमवारी सकाळी दादाची सही आणि रात्री गाडी. सहीच्या वेळी घरात वाद निघाला तर सही वाकडी येईल. तो नीट मार्गी लागला, घर शांत झालं, की मग एक शब्दही न वगळता सगळं सांगेन. यात बदल नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर
सही झाली, दादा गेला, आणि घर इतकं शांत आहे की ते आज मोडवत नाही.