अल्बमची सत्यप्रत

३ जानेवारी, शनिवार

मंडळाची मीटिंग राजाभाऊंच्या घरी, द्वारका सेक्टर सहा. राजाभाऊ अध्यक्ष, त्यामुळे पोहे बरे होते. विषय एकच. नीलाताई एकोणीस तारखेला दिल्ली सोडून कायमच्या मुलाकडे बंगळूरला चालल्या. अठराला, रविवारी, निरोप समारंभ. त्यांनी शालीत गुंडाळून एक जाडजूड अल्बम आणला होता. मंडळाने इतकी वर्षं दिल्लीत जी नाटकं केली त्यांचे फोटो. बहुतेक फोटोंत त्या आणि त्यांचे मिस्टर, भालचंद्र. भालचंद्र चार वर्षांपूर्वी गेले. फोटो पिवळे पडत चाललेत, दुसरी प्रत कुठे नाही, निगेटिव्ह कधीच हरवल्या. कोणी मोबाइलमध्ये घालून देईल का, म्हणाल्या. तिकडे संध्याकाळी बघत बसता येईल. आणि जाण्याआधी एकदा सगळ्यांबरोबर मोठ्या पडद्यावर बघायचे आहेत.

जयदीप (गुडगावला आयटीत, मूळ पुण्याचा, म्हणजे सगळं येतं) म्हणाला, फोटोंची पीडीएफ करून लिंक टाकतो, अर्ध्या तासाचं काम. मी हात वर केला. म्हटलं, हे शिस्तीचं काम आहे. उभा जन्म केंद्र सरकारात कागद सांभाळलेत, अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालोय. शिवाय भालचंद्र माझ्याच सेक्शनला होते. माणूस चांगला. लक्ष मात्र कामात नसे.

काम एकमताने माझ्याकडे. नीलाताई काहीतरी बोलणार होत्या, पण थांबल्या. भारावल्या असाव्यात. येताना ऑटोत अलकनंदा (बायको) म्हणाली, जयदीपला करू दे की. तिला माझ्या तब्येतीची फार काळजी.

४ जानेवारी, रविवार

कामाला धडाक्यात सुरुवात. फाइल उघडली. कव्हरवर विषय लिहिला. पहिलं टिपण लिहिलं, मान्यतेसाठी सादर केलं. मान्यता देणाराही मीच असल्याने प्रकरण एका दिवसात निकाली. असा स्पीड मंत्रालयात कधी पाहिला नव्हता.

फोटो अजून एकही काढलेला नाही. पण पाया भक्कम.

६ जानेवारी, मंगळवार

बाल्कनीत नैसर्गिक प्रकाशात फोटो काढायचे ठरवलं. धुकं असं की समोरचा टॉवरच दिसेना. तरी काढले. सगळ्या फोटोंत मधोमध एक काळा गोळा. मोबाइल खराब आहे, असं अलकनंदाला सांगितलं. ती म्हणाली, तो गोळा म्हणजे तुमची माकडटोपी, सावली पडतेय, टोपी काढा. टोपी काढली. शिंका सुरू.

संकल्प: उद्यापासून घरात, ट्यूबलाइटखाली.

८ जानेवारी, गुरुवार

ट्यूबलाइट फोटोंत उतरते. भालचंद्रांच्या डोक्यावर पांढरा पट्टा येतो. कीर्तनकारासारखे दिसतात. चालेल. नमुन्यादाखल चार फोटो घेतले आणि एका फुकटच्या वेबसाइटवर पीडीएफ केली. बिल्कुल सोपं. लोक उगाच बाऊ करतात. लगेच मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली.

प्रतिसाद प्रचंड. तासाभरात सगळ्यांनी पाहिली. राजाभाऊंनी हात जोडले. विनयावहिनींनी काळजीचा चेहरा टाकला. मग जयदीपचा फोन. म्हणाला, काका, चार पानं ठीक आहेत, आडवी आहेत पण ठीक. पाचव्या पानावर गीझरचं बिल आहे आणि सहाव्यावर एक जीभ.

जीभ माझी. डॉक्टरांना पाठवायला काढली होती. निवडताना बोट लागलं असणार.

तत्परतेने डिलीट केली. मोबाइलने विचारलं, सगळ्यांसाठी की फक्त माझ्यासाठी? जीभ माझी, तेव्हा 'माझ्यासाठी'. आता ग्रुपवर काहीही दिसत नाही. प्रकरण मिटलं.

९ जानेवारी, शुक्रवार

लिफ्टमध्ये विनयावहिनींनी विचारलं, जीभ कशी आहे. यांना काय स्वप्न पडलं?

१० जानेवारी, शनिवार

काल ग्रुपवर कोणीतरी फॉरवर्ड टाकला: इंटरनेटवर टाकलेले फोटो चोरतात, तोंडं बदलतात, भलत्याच ठिकाणी लावतात. रात्रभर झोप नाही. उद्या भालचंद्रांच्या धडावर कोणी दुसऱ्याचं तोंड बसवलं तर जबाबदार कोण? मी.

पहाटे उपाय सुचला. ॲटेस्टेशन! सरकारात माणूस खरा आहे हे फोटोवरून कळत नाही, फोटोवरच्या सहीवरून कळतं. आणि ती सही कशी पाहिजे? अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर, चेहऱ्याला चाटून गेलेली. तरच फोटो बदलता येत नाही. माझ्या सहीने किती जण नोकरीला लागले असतील, हिशेब नाही.

जयदीपला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, कॉपीवर कॉम्प्युटरनेच पुसटसं नाव टाकता येतं. म्हटलं, कॉम्प्युटरची सही मी आयुष्यात कधी ग्राह्य धरलेली नाही.

दुपारी मेट्रोने करोल बागेत. हिरवं पेन घेतलं. ऑफिसात हिरवी शाई जॉइंट सेक्रेटरी आणि त्यावरच्यांनाच. मला ती कधी मिळाली नाही. आता कोण विचारतंय? घरी येऊन पाहिलं तर गुळगुळीत फोटोवर पेन घसरतं. परत करोल बागेत. हिरवा मार्कर. दुकानदाराला विचारलं, भैया, मिटेगा तो नहीं? म्हणाला, साहब, सात जनम नहीं. असा भरवशाचा माणूस हल्ली मिळत नाही. शिक्काही करून घेतला: 'मूळ प्रतीशी पडताळली.'

१२ जानेवारी, सोमवार

सह्या पूर्ण. अल्बममधून एकेक फोटो काढून, कार्डशीटवर चिकटवून, सही, शिक्का, तारीख. काय हात चालला! निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दिवस कसा गेला कळलं नाही. मधेच अलकनंदा चहा घेऊन आली. टेबलाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. चहा ठेवून आत गेली आणि नंतर दिवसभर बोलली नाही. नवऱ्याला पुन्हा कामात बुडालेला पाहून गळा दाटून आला असावा.

१४ जानेवारी, बुधवार

मंडळ बस करून पानिपतला गेलं, काला अंबच्या युद्धस्मारकावर, दरवर्षीसारखं. मी गेलो नाही. इतिहासाला वंदन करणारे पुष्कळ आहेत, इतिहासाची पीडीएफ करणारा एकच. अलकनंदा गेली. तिळगूळ डब्यात ठेवून गेली, बोलली अजूनही नाही.

सगळे फोटो नीट स्कॅन केले. क्रम फाइलच्या पद्धतीने, ताजं वर, जुनं खाली. पीडीएफ झाली, पण इतकी अगडबंब की कुठेच जाईना. मेल म्हणतो नाही, व्हॉट्सअ‍ॅप फिरत बसतं. वेबसाइटवर लहान करायची सोय आहे, तिने इतकी लहान केली की माणसांच्या जागी नुसते चौकोन. सह्या मात्र वाचता येत होत्या. क्वालिटी मार्कर.

१६ जानेवारी, शुक्रवार

जयदीपला बोलावलं. फक्त अपलोडपुरतं. त्याने कार्डशीट्स पाहिल्या. विचारलं, काका, हे ओरिजिनलवर केलंत? म्हटलं, मग कशावर करणार? तो म्हणाला, अच्छा. एकेक शीट उजेडाकडे धरून पाहिली. नव्या पिढीला असं काम बघायची सवय नाही.

मग त्याने पीडीएफ ड्राइव्हवर चढवली, लिंक दिली. विचारलं, सगळ्यांना ओपन ठेवू की परवानगीने? हा काय प्रश्न झाला! परवानगीने.

संध्याकाळपासून मेल येताहेत. अमुक व्यक्ती ॲक्सेस मागत आहे. तमुक व्यक्ती ॲक्सेस मागत आहे. बऱ्याच वर्षांनी टपाल आलं! राजाभाऊंचा अर्ज आला, कारण लिहिलेलं नाही. परत पाठवला. विनयावहिनींनी कारणाच्या जागी नुसतं फूल टाकलंय. प्रलंबित. नीलाताईंचाही आला. 'बघायचे आहेत' एवढंच. कारण पुरेसं नाही. अध्यक्षांनाच नाही म्हटल्यावर त्यांना हो म्हणून चालत नाही. परत.

१७ जानेवारी, शनिवार

उद्याच्या भाषणाची तयारी. 'मी केवळ निमित्तमात्र' असं सुरू करून पुढे साधारण वीस मिनिटं. शाल-श्रीफळ देतीलच. शालीखाली कोट घालावा की नाही, अलकनंदाला विचारलं. अखेर बोलली. म्हणाली, भाषण करू नका. आणि आजच्या आज नीलाताईंकडे जाऊन सांगून या. मी म्हटलं, आधी सांगितलं तर सरप्राइझ कसलं?

१८ जानेवारी, रविवार

हॉल भरला होता. पडदा मोठा. जयदीपने लॅपटॉप जोडला. भाषण नंतर, असं राजाभाऊंनी ठरवलं.

पहिलं पान आलं. लोक हसले. फोटोला हसले असं मला वाटलं. दुसरं आलं. तिसऱ्याला कोणी हसलं नाही. पडद्यावर सही फार मोठी दिसते. घरी टेबलावर एवढी दिसत नव्हती.

राजाभाऊंनी जयदीपला हळूच विचारलं, पुसता येईल का. हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. जयदीप म्हणाला, अल्बमवरून नाही. कॉम्प्युटरवर पुसेन, पण ते ग्रुपवरचे चार सोडले तर खालचा चेहरा कुठून आणू.

नीलाताई पहिल्या रांगेतून उठल्या, पडद्याजवळ गेल्या, चष्मा वर करून शिक्का वाचला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. इंटरनेटवरच्या चोऱ्यांचा पूर्ण मुद्दा माझ्या भाषणात होता.

"विलासराव, मूळ प्रतीशी पडताळली असं लिहिलंयत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मूळ कधी पाहिलंत? प्रयोगाच्या दिवशी हे अर्ध्या दिवसाची रजा मागायचे. तुम्ही अर्ज परत करायचात. मग हे सहानंतर धावत येऊन तोंडाला रंग लावायचे. दर वेळी तुमच्यासाठी एक खुर्ची ठेवायला सांगायचे. तुम्ही एकदाही आला नाहीत."

सेक्शनला स्टाफ कमी होता, हे सांगायचं होतं. रजेचे नियम असतात, हेही. लाज वाटली. खूप वाटली. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. अलकनंदा तेवढी खाली बघत होती. मग नीलाताईंनी खुर्ची ओढली, पडद्याशेजारी बसल्या आणि जयदीपला म्हणाल्या, पुढचं दाखव रे. आणि सांगायला लागल्या. कुठल्या हॉलमध्ये वीज गेली आणि लोकांनी गाड्यांचे दिवे आत सोडून प्रयोग पुरा करवला. भालचंद्रांची मिशी कोणाच्या चहात पडली. माझ्या सहीवरून बोट फिरवत, इथे हे असे उभे होते, इथे मी अशी, असं दाखवत होत्या. लोक पुन्हा हसायला लागले. काही जण डोळे पुसत होते.

मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. ताजं वर लावल्यामुळे दोघं पानागणिक तरुण होत होते. हा माणूस रोज माझ्यासमोर बसायचा आणि मला फक्त त्याचे उशिराचे शेरे आठवत होते. रंगमंचावर तो काय करायचा ते बघावं, असं आज पहिल्यांदा मनापासून वाटलं.

शेवटचं पान आलं. त्यांचं दोघांचं पहिलं नाटक. नीलाताई विशीतल्या, नऊवारीत. म्हणाल्या, इथे हे हसले ना, ते नाटकात नव्हतं हं. मला समोर बघून हसले आणि वाक्यच विसरले. या हसण्यावरच मी लग्नाला हो म्हटलं.

सगळा हॉल पुढे वाकून बघायला लागला. मीही वाकलो, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. हसू माझ्या सहीखाली होतं.