मत्तय, मार्क, लूक आणि मामंजी

आये,

रेशनची पिशवी रिकामीच घेऊन आत्ता रात्री घरी आलो आहे आणि तक्रार कुणाकडे करावी ते सुचेना, म्हणून तुझ्याकडे करतो आहे. सरकार, कलेक्टर आणि देव या तिघांच्याही दारात रांग आहे. तुझ्याकडे नाही. लढाई संपली, बत्त्यांवरचे काळे कागद निघाले, गोरे सोल्जर आगगाडीत बसून गेले, पण साखर काही मोकळी झाली नाही. कोपरगावाकडे म्हणे नजर जाईल तिथवर ऊस उभा आहे. असेना. इथे नगरात चहात गूळ टाकून आम्ही तो फाटलेला पितो. तर आज साखर आली असं कळलं, उन्हातून छत्री घेऊन गेलो, रांगेत उभा राहिलो, आणि माझी पाळी आल्यावर दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून हाक मारली, "योहाऽन!" आम्ही चौघे पुढे झालो. "आरं, कोन्चा?" तो म्हणाला. आम्ही चौघांनीही "मी" म्हटलं, आणि कुणीच खोटं बोलत नव्हतं. त्याने कपाळावर हात मारला. "असं करा, सगळे योहान भिंतीकडं उभे ऱ्हावा. बाकीच्यांचं उरकू द्या आधी." उभे राहिलो. बँडमध्ये कर्णा वाजवणारा योहान, दवाखान्यात झाडलोट करणारा योहान, एक दाढीवाला योहान ज्याची माझी ओळख नाही, आणि मी. भिंतीला उभं करून माणसांना गोळ्या घालतात असं लढाईच्या बातम्यांत वाचलं होतं. आम्हांला "साखर खलास, उद्या या" एवढंच सांगितलं.

साखरेचं मला फारसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर हाक आली तेव्हा क्षणभर मी इतका लगबगीने पुढे झालो, की त्याचंच मला नंतर हसू आलं. कुणीतरी आपल्याला नावाने बोलावलं, असं वाटलं गं. साहेब-मडमांना मराठी शिकवतो, ते मला पंडितजी म्हणतात. इथल्या साप्ताहिकात लोकांची टवाळी करणारं जे लिहितो, त्याखाली टोपणनाव असतं. लेक राहात्याला दिली, ती बाबा म्हणते, आणि तेही नाताळात आली तर. तुझी सून जाऊन तिसरं वर्ष चाललं आहे. ती जन्मभर "अहो, ऐकलंत का" म्हणत आली, आणि मी ऐकत आलो. तेव्हा माझ्या नावाची झीज कुठेच होत नाही. मिळालं तसं कोरं आहे.

हे नाव मला आजोबांचं मिळालं. सगळा घोटाळा तिथूनच. आजोबा आपल्या गावातले पहिले ख्रिस्ती. त्यांनी घरातल्या देवाचा टाक, मरीआईचा दगडी तांदळा, अंगारा, दोरे, सगळं एका टोपल्यात घालून गावाबाहेर नेऊन ठेवलं, ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली की टोपल्याचं वजनसुद्धा मला ठाऊक झालं. पण सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घेऊ नये हा नियम काही त्यांनी टोपल्यात घातला नाही. त्याला तेवढा बाप्तिस्मा देऊन घरात ठेवून घेतला. पुढे ते वारले आणि मग मी जन्माला आलो. आता नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, ही रीत हिंदूंची की ख्रिस्त्यांची यावर भांडायला कुणालाच सवड नव्हती. दोन्हींकडून एकमत झालं. पाद्रीसाहेबाने माझ्या डोक्यावर पाणी घातलं, योहान म्हटलं, सगळे आमेन म्हणाले. तू नुसते ओठ हलवलेस. बायबलात या नावाच्या बारशाला बाप मुका झालेला होता. आमच्याकडे आई झाली.

मिशनच्या देवळात तुझी काय तारांबळ व्हायची! बायकांच्या वर्गात चारी शुभवर्तमानांची नावं म्हणायची असत, शेवटचं योहान. मडम बोट वर करून एकेकीला उभी करायची. तू उठायचीस, पदर सारखा करायचीस, आणि खाली बघत म्हणायचीस, "मत्तय, मार्क, लूक आनि आमचं मामंजी." सगळा वर्ग हसायचा. मडम नवी होती, तिला वाटलं मामंजी हा कुणी प्रेषितच असावा. तिने तो टिपूनही घेतला असेल. तू मात्र हसायची नाहीस. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे तुला खरंच कळत नसे.

आणि मला तू याह्या म्हणायचीस.

अजून मला ते दिसतं. दिवेलागण झालेली आहे, चुलीवर तवा तापला आहे, तू भाकरी थापता थापता अर्धी उठून दाराशी येतेस, पिठाचा हात चौकटीला लागू नये म्हणून कोपराने दार ढकलतेस, आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारतेस, "याह्याऽऽ! आरं याह्याऽऽ! ये की घरला!" गल्लीच्या टोकाला मी मिशनच्या शाळेतल्या पोरांबरोबर गोट्या खेळत असे. झालं. "याह्यामियाँ, जावा, नमाजाचा टाइम झाला," एक म्हणायचा. दुसरा कानांवर हात ठेवून बांग द्यायचा. मला वाटे, जमीन फाटावी. शेजारी मुसलमान पिंजाऱ्यांचं घर, तिथल्या खालाशी तुझं गूळपीठ, त्यात तुला फार उशिरा मूल झालेलं. तेव्हा गल्लीने सरळ हिशेब मांडला की तू कुठल्याशा पिराला नवस बोलली होतीस आणि त्याचं फळ मी. मीही तेच धरून चाललो. बाबाही तेच धरून चालले असावेत. त्यांनी कधी विचारलं नाही, नुसते खाकरायचे.

एकदा पाद्रीसाहेब घरी आले होते. शाळेत मारामारी करून मी ओठ फोडून घेतला होता, त्याची चौकशी करता करता नावापर्यंत प्रकरण आलं. चुलीपाशी तू उभी, डोक्यावर पदर, आणि साहेब आपल्या पुस्तकी मराठीत तुला सुनावतो आहे. "बाई, प्रभूच्या घरात जे नाव दिले, ते सोडून तुम्ही मुलाला परके नाव घेऊन का हाक मारता?" तू वाकून चुलीतलं लाकूड पुढे सारलंस. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा तू इतकंच म्हणालीस, "त्येच हाय, सायेब."

"ते नव्हे. त्याचे नाव निराळे आहे. ते नाव तुम्ही म्हणा पाहू."

"न्हाई म्हनता येत. पर त्येच हाय. त्येच."

साहेब उठला. जाताना बाबांना म्हणाला, "हट्ट हे मोठे पाप आहे." त्या संध्याकाळी मीही तुझ्यासमोर पाय आपटले. म्हटलं, माझं खरं नाव घेशील तेव्हाच ओ देईन. तू माझ्या ओठाला हळद लावत होतीस. "बरं," म्हणालीस, "नको दिऊ. जेवाया तर येशील?"

जेवायला आलो. नेहमीच येत गेलो. तू हाक मारलीस की मी मुकाट्याने येऊन उभा राहायचो, पण "ओ" म्हणून कधी म्हटलं नाही. पुढे त्याची सवय झाली, रागही राहिला नाही, कारणही विसरलं. मोठ्या तापाच्या साथीत तू अंथरुणाला खिळलीस तेव्हाही तू खोल गेलेल्या आवाजात हाक मारायचीस आणि मी येऊन पाणी पाजायचो. मी खोलीत आलो आहे हे तुला दाराच्या आवाजावरून, पावलांवरून कळत असेल, असं मी समजत होतो. शेवटी शेवटी तुला नीट दिसत नव्हतं. तू दोनदा हाक मारलीस. मी तुझ्या उशाशीच बसलो होतो.

आता हे आज का, तर ऐक. दवाखान्यात नवा डॉक्टरसाहेब आला आहे, स्कॉटलंडचा, पलटणीतून सुटून इकडे आलेला. लाल तोंड, मोठा आवाज, क्रियापदांशी हाडवैर. रेशनवरून तसाच त्याच्या शिकवणीला गेलो. वाक्य होतं, माझे नाव अमुक आहे. तो म्हणाला, "माझे नाव इयन आहे." मी म्हटलं, "छान. माझे नाव योहान आहे." तर तो टेबलावर हात आपटून हसला. म्हणाला, पंडितजी, मग आपण दोघे एकच की! आणि बोटांवर मोजत सुटला. इंग्लंडात जॉन, आयर्लंडात शॉन, जर्मनीत हान्स, रशियात इव्हान, इटलीत जोव्हान्नी, कँपातला आपला गोवेकर पाववाला जुवांव तोसुद्धा. एका झाडाच्या फांद्या. मला गंमत वाटली. साप्ताहिकासाठी मजकूर मिळाला, असं मनात म्हणत होतो. सकाळी भिंतीला आम्ही चौघेच होतो, इथे तर सगळं जग भिंतीला लागायची वेळ आली. तेवढ्यात तो म्हणाला, "बसरा गाव. माझा तंबू. तिथे माझा स्वयंपाकी, अरब, याह्या. तीच नाव. योहानचा नाव."

त्यात दोन चुका होत्या. मी एकही सुधारली नाही.

आये, मी लोकांना भाषा शिकवून पोट भरतो. अमक्याला तमकं काय म्हणतात, हे सांगण्याचे पैसे घेतो.

तिथून उठलो तो घरी न जाता जुन्या गल्लीत गेलो. तुझी सून गेल्यापासून तिकडे फिरकलोच नव्हतो. पिंजाऱ्यांची खाला अजून आहे. पार वाकली आहे, एका डोळ्यात फूल पडलं आहे, ओट्यावर बसून सरकी निवडत होती. सध्या पेपरात रोज कुणी कुणाला कुठे कापलं तेच येतं, त्यामुळे संध्याकाळचं त्या गल्लीत जाताना दोघातिघांनी मला वळून पाहिलं. खालाने नाही पाहिलं. पावलं ऐकूनच म्हणाली, "कौन? याह्या? इत्ते दिनां कां मरा था रे?"

मी ओट्याच्या कडेला बसलो आणि विचारलं. ती सरकी निवडायची थांबली.

"तुजे मालूम नई? तेरी माँ तुजे लेके आई थी, इत्तासा था तू. मेरेकू बोली, भाभी, सासऱ्याचं नाव हाय, माज्या तोंडातनं निगत न्हाई, तुमच्यात ह्येला काय म्हनत्यात? मैं पूछी, क्या नाम हय? तो बोलतीच नई! अरी, नाम बोलेगी तो मैं बताऊँ ना! तो किस्सा सुनाने लगी." खालाने तुझा आवाज काढला, हुबेहूब तुझा, नाकातला. "येक म्हातारा-म्हातारी हुती. प्वार न्हवतं. लई रडली. मंग द्येवाचा दूत आला, म्हनला व्हईल. आनि झालं. त्ये पोरगं म्होरं रानात ऱ्हायचं, नदीत मानसांना न्हाऊ घालायचं." खाला हसली. "हमारे इनों पीछे रुई धुन रे थे. कमान रुकी. वहींच से बोले, ये तो याह्या नबी का किस्सा हय. तेरी माँ बोली, पुन्यांदा म्हना. फिर बोले. फिर वो तेरे कान कू मुँ लगाके बोली. फिर भाकरी जळंल म्हनली, भाग गई."

मी म्हटलं, "बाळ म्हणायचं होतं. सोन्या म्हणायचं होतं. बाकीच्या बायका म्हणतात तसं."

"मैं बी वहीच बोली. तो बोली, बाळ काय, कुनालाबी म्हन्त्यात. नाव पायजे."

"आणि जुवांव? पाववाल्याच्या आजोबाचंही तेच नाव, ते तर ती सरळ घ्यायची."

"वो बी सोची थी. पन वो पीता था ना रे," खाला म्हणाली, आणि पुन्हा सरकीला लागली.

तेव्हा हे असं आहे. तू मला नावानेच हाक मारत होतीस. भाकरी अर्धी टाकून, रोज. आपल्या माणसांत एकट्या तुला ठाऊक होतं की ते माझंच नाव आहे, आणि ते समजावून सांगायला जे नाव उच्चारावं लागलं असतं तेवढंच तुला उच्चारता येत नव्हतं. म्हणून तू "त्येच हाय" म्हणालीस, आणि आम्ही सगळ्या शहाण्यांनी त्याला हट्ट म्हटलं.

हे पत्र कुठे टाकणार? तुला वाचता येत नव्हतं. पाकिटावर नाव घालायचं म्हटलं तर तुझं नाव मी तरी जन्मात कधी तोंडाने घेतलं आहे? बाबाही घेत नसत. तू आमची आय. पोस्टमनला तेवढ्यावर पत्ता लागायचा नाही. राहू दे माझ्यापाशीच.

खालाकडून उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कुणाच्या तरी तव्यावर भाकरी फुगल्याचा वास येत होता. आपल्या जुन्या घरात आता एक शिंपी राहतो, त्याचं दार लावलेलं होतं. त्या दारावरून पुढे, गल्लीच्या टोकाशी, आम्ही गोट्या खेळायचो तिथवर मी पोचलो आणि मागून हाक आली. म्हातारीला एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. "याह्याऽऽ! आरे ओ याह्याऽऽ! छत्री रह गई तेरी!"

मी वळण्याआधीच म्हणालो, "ओऽऽ!" छत्रीसाठी लागतो त्यापेक्षा बराच मोठ्याने. दोन-तीन दारं उघडली. शिंप्यानेही डोकं बाहेर काढलं.

छत्री, आये, मी विसरलो नव्हतो. ओट्याला टेकवून ठेवली होती.