सोळाच्या सोळा रेघा

प्रिय चिऊ,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. मी काय लिहितोय ते बघायला आई उगाच चार फेऱ्या मारून गेली. तिला म्हटलं, बापलेकीच्या मध्ये पडू नकोस.

आमच्या चाचणी केंद्रात एक नवं यंत्र आलंय. जेमतेम जेवणाच्या डब्याएवढं, पण स्फोटाच्या चाचणीत कुठे किती दाब आला ते सगळं टिपतं. पूर्वी याच कामाला गाडीभर यंत्रं लागायची आणि तारा ओढण्यात आमचे दोन दिवस नि कंबर दोन्ही जायचं. यंत्र घेऊन आलेली इंजिनियर तुझ्याच वयाची. मी म्हटलं, हे एवढंसं काय टिपणार? ती हसली, म्हणाली, काका, आधी शिकून तर घ्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी वही घेऊन तिच्यासमोर बसलो. तीनदा चुकीचं बटण दाबलं. चौथ्यांदा तिने माझा हातच धरला.

मंगळवारी खरी परीक्षा होती. दारूगोळ्याच्या दोन खोल्या, मध्ये नव्या पद्धतीची भिंत. एका खोलीत स्फोट झाला तर शेजारची वाचते का, ते बघायचं. कोठारात राबणाऱ्यांचे जीव त्या भिंतीवर. डबा वाळूच्या पोत्यांआड ठेवून आम्ही दीड किलोमीटर लांब बसलो. स्फोटकं जोडून झाली आणि ऐन वेळी स्क्रीनवर सोळा मापकांच्या सोळा रेघांऐवजी पंधराच! मी सवयीने उठलो, म्हटलं, तार बघून येतो. इंजिनियर कडाडली, काका, खाली बसा, आता तिकडे कुणीही जायचं नाही. तिने बसल्या जागी तपासलं, तर एक मापक मीच चालू करायला विसरलो होतो. एक बटण दाबलं, रेघ हजर. मग जमीन हादरली, धूर निवळला, सोळाच्या सोळा रेघा उमटल्या आणि भिंत ताठ उभी! मी आनंदाने टोपी उडवली, ती थेट साहेबांच्या चहात.

तिने दटावल्यावर खाली बसलो तेव्हा तू आठवलीस. तीन वर्षांपूर्वी असाच जोडलेल्या स्फोटकांपाशी तार बघायला गेलो होतो. तुला कळल्यावर तू म्हणालीस, बाबा, ही नोकरी सोडा, नाहीतर मला फोन करू नका. मीही हट्टाला पेटलो. नात झाली तेव्हासुद्धा आईला एकटीलाच पाठवलं. तू घाबरली होतीस गं, आणि ते घाबरण्यासारखंच होतं. मी तसं तिथे जाण्याला मर्दुमकी समजत होतो.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या केंद्रांवर जाऊन हे यंत्र शिकवायचं काम मला मिळालंय. स्फोटकांपाशी जाणं बंद, कायमचं. पहिलं केंद्र तुझ्याच शहरात, सोमवारपासून पंधरा दिवस. साहेब माझ्यासाठी खोली बघत होते. मी छाती फुगवून सांगून टाकलं, खोली कशाला, माझी लेक आहे तिथे. सांगून बसलोय आणि आता तुला विचारतोय. येऊ ना?

तुझाच,
बाबा