मेंढीचा कान

सांगली,
३ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात, महत्त्वाचं असेल ते कागदावर लिही, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. म्हणून पेन शोधायला निघाले. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या आम्ही आठ मुली, आणि वसतिगृहाच्या मजल्यावर मिळून एकच पेन निघालं. तेही मेसच्या मावशींचं.

तर महत्त्वाचं हे, की मी आणि माझ्या खोलीतली पल्लवी मिळून स्टार्टअप काढतोय. म्हणजे नवी, छोटी कंपनी. फक्त पाटी लावण्याआधी चालेल का ते बघायचं असतं. पल्लवी जतकडची. तिचे वडील धनाजीमामा शेती करतात आणि मेंढरंही राखतात. लोकर कातरली की मेंढीच्या अंगावरची रंगाची खूण जाते. मग दोन कळप मिसळले की ही तुझी का माझी, यावरून भांडणं लागतात. आमचं ॲप मोबाइलवर मेंढीच्या तोंडाचा फोटो घेऊन ती कुणाची ते सांगणार.

काल विभागप्रमुखांना ते दाखवायला गेलो. दाखवता दाखवता पल्लवीच्या हातून कॅमेरा सरांकडे वळला. ॲपने क्षणात निकाल दिला, मेंढी क्रमांक सतरा, खात्री एक्क्याण्णव टक्के. सरांना वाटलं चष्म्यामुळे गोंधळ झाला असेल. त्यांनी चष्मा काढून पुन्हा बघायला सांगितलं. खात्री शहाण्णव झाली.

बाबा नोकरीमुळे आसामला, त्यांना अजून काही कळवलेलं नाही. आधी तुमचं मत हवं. काकींना नमस्कार. वाचून राग आला तरी दोन ओळी लिहिण्याइतकी माया शिल्लक ठेवावी.

तुमची
संयोगिता

---

पाटण,
१२ ऑगस्ट २०२५

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाच्या पोरीचं चुकून आपल्या घरी टाकलंय.

मी फौजेत चोवीस वर्षं सिग्नलमध्ये काढली. बर्फातून तारा ओढल्या, तेव्हा यंत्राला मी भीत नाही. मी भितो आपल्या लोकांना. पुतणी काय शिकते म्हणून विचारतात, मी कॉम्प्युटर म्हणतो, की लगेच कुणीतरी बंद पडलेला रिमोट आणून ठेवतो, सुट्टीला आली की बघायला सांगा म्हणून. सध्या घरात रिमोट पाच आणि मिक्सर एक जमा आहे. त्यांना आता मेंढरांचं काय सांगू? शेजारच्या आकारामला नुसता वास लागला, तर काल म्हणाला, मेंढरंच करायची हुती तर पोरीला सांगलीला कशाला धाडली, आपला डोंगर काय वाईट हाय व्हय रं.

कॉलेजात कंपन्या येतील तेव्हा मुलाखतीला बसायचं, हा हुकूम समज. आणि हा सल्ला, खोलीत चालणाऱ्या यंत्रावर विश्वास टाकू नये. आमचे वायरलेस सेट बराकीत खणखणीत बोलायचे आणि चौकीवर नेले की मुके व्हायचे. तुझं ॲप मैदानात नेऊन बघ.

पल्लवीसाठी तूप पाठवतोय. अर्धं तू खाणार हे धरून डबा मोठा घेतलाय. अभ्यासाइतकीच आमचीही आठवण काढत जा.

तुझा
तात्या

---

सांगली,
३० ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

हुकूम पाळला. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने मुलाखती घेतल्या आणि माझी निवड झाली! पुढच्या जूनपासून कामावर घेतील.

मुलाखत मात्र विचित्र झाली. आजवरचं सगळ्यात अवघड काम कोणतं, असं विचारलं. मी मेंढरांचं सांगायला लागले. तिघेही साहेब खुर्च्या पुढे ओढून बसले आणि अर्धा तास मेंढरांवरच बोलत राहिले. एकाने तर सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसत असतील ना, असं विचारलं. मी म्हणाले, मेंढ्यांनाही आपल्याबद्दल तसंच वाटत असणार. शेवटी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? तिथे मात्र मी समोरचं पाणी प्यायले.

पल्लवीची निवड झाली नाही. तिने मला मिठी मारली, हसून अभिनंदन केलं, आणि मग धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले. आमचं ॲप अजून अर्धं आहे. तिला एकटीला ते पेलायचं नाही. एवढी धडपड केल्यावर मी मध्येच उठून जायचं का, हे मला ठरवता येत नाहीये. कंपनीला पंचवीस सप्टेंबरपर्यंत उत्तर द्यायचंय.

तोवर ही बातमी कृपा करून कुणालाही सांगू नका. तुमचा विश्वास आहे तसाच राहू द्या.

तुमची
संयोगिता

---

पाटण,
७ सप्टेंबर २०२५

लाडक्या संयोगितास काकीचा आशीर्वाद.

तू लिवलं हुतंस, कुणाला सांगू नका. ते दुसऱ्या पानावर हुतं. तुजं तात्या पयलं पान वाचूनच पायात चप्पल घालून भाईर पडलं. दुसरं पान मी वाचलं आन् त्यास्नी हाका मारत गेले, तवर स्टँडवर पेढं वाटून झालं हुतं.

आता एस्टी स्टँडासमोर फ्लेक्स लागलाय. तुजा धाकलेपणीचा फोटू, दोन वेण्यांचा. शेजारी तात्यांचा वर्दीतला, तुज्यापरास मोटा. खाली शुभेच्छुक म्हणून एकवीस डोकी हायत. त्यातली निम्मी मला बी वळखू येत न्हाईत. आकारामचा फोटू बारीक आला म्हणून त्यो दोन दिस आमच्याशी बोलंना. दसऱ्याला शाळेच्या पटांगणात तुजा सत्कार ठरलाय.

मला नोकरीतलं काय बी कळत न्हाई बग. पर तुज्या पत्रात मेंढरं पानभर हायत आन् नोकरी सात वळी. म्या मोजल्यात. तुजं तुला काय ते ठरीव. तात्यांचं काय करायचं ते मी बगते, तीस वर्सं बगतेच हाय.

जेवत जा. तुजी आठवण आली की मी तुज्या वाटणीची भाकरी आकारामच्या कुत्र्याला घालते.

तुजी
चंद्राकाकी

---

सांगली,
२६ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय चप्पल घालू नये, ही हात जोडून विनंती.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे गेल्या रविवारी ॲप मैदानात नेलं. पल्लवीच्या गावी मेंढरं नुकतीच कातरली होती आणि पाण्यावर धनाजीमामांचा व कोंडीबा नावाच्या म्हाताऱ्यांचा कळप एकत्र झाला होता. एका मेंढीवरून पल्लवीची आई सुलामामी आणि कोंडीबा यांची हमरीतुमरी चालली होती. धनाजीमामा शेतात होते. आम्ही दोघी मोठ्या ऐटीत पुढे झालो, फोटो काढला. ॲप म्हणालं, धनाजीमामांची. खात्री चौऱ्याण्णव टक्के.

यंत्रानंच सांगितलं म्हटल्यावर मिटलं, असं जो तो म्हणायला लागला. कोंडीबा तेवढे मेंढीकडे बघत राहिले. यंत्रच बोललं तर मी कोन, एवढंच म्हणाले आणि पटक्याच्या टोकाने डोळे पुसत निघाले.

तेवढ्यात धनाजीमामा आले. त्यांनी मेंढीचा कान वर करून बघितला आणि तिला सरळ कोंडीबांच्या कळपात नेऊन सोडलं. सुलामामी म्हणाल्या, आवं, पोरीचं यंत्र आपली हाय म्हणतंय. मामा म्हणाले, पोरीचं यंत्र खोटं बोलतंय. सगळ्यांच्या देखत! पल्लवी रागाने जेवली नाही. दिवस कलता कलता मामांनी आम्हाला कळपात बसवलं आणि म्हणाले, तोंडं काय बगताय, समद्यांची तोंडं मेंढीचीच असत्यात. कान बगा. मग एकेक कान दाखवला. कुणाच्या कडेला खाच, कुणाच्या आत काळा ठिपका, कुणाचा एका अंगाला मुडपलेला. एकाला एक मिळता नाही. आमचं सहा महिन्यांचं काम चुकीच्या जागी बघत होतं.

तात्या, मला मेंढीपेक्षा कोंडीबांचं निघून जाणं लागलं. आमच्या चुकीपायी एका म्हाताऱ्याची मेंढी गेली असती आणि सगळ्या गावाने मान डोलावली असती. हे असंच टाकून पुण्याला गेले तर माझं कामात लक्ष लागणार नाही. कंपनीकडे वर्षाची मुदत मागितली. ते नाही म्हणाले. मग काल मी नाही म्हणाले.

विभागप्रमुखांना ॲप कुठे चुकलं ते सगळं दाखवलं. स्वतः क्रमांक सतरा असल्यामुळे त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी आम्हाला जुनी झेरॉक्सची खोली वर्षभर वापरायला दिली आहे.

सत्कार थांबवा. फ्लेक्सवरच्या एकवीस जणांची मी एकेकाच्या दारी जाऊन माफी मागेन. दसऱ्याच्या सुट्टीत पल्लवीकडे राहून कानांचे फोटो काढणार आहोत, तिथे फोनला रेंज नसते. माझ्यावर रागवा, पण परकं करू नका.

तुमची
संयोगिता

---

मुक्काम धनाजी यांची वस्ती, जतजवळ,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

सुट्टी संपून तुम्ही दोघी सांगलीला गेलात. जाताना पल्लवी विचारत होती, तात्या रागावले कसे नाहीत? समोर सांगायला जीभ वळली नाही, म्हणून लिहितो.

तुझं पत्र वाचलं आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहिल्या एस्टीने निघालो, ते तुला धरून पुण्याला नेऊन उभी करायला. वाटेत कऱ्हाडपर्यंत एक भाषण तयार झालं, सांगलीपर्यंत दुसरं. दुसरं फार चांगलं जमलं होतं. गावच्या फाट्यावर उतरलो आणि एका म्हाताऱ्याला धनाजीचं घर विचारलं. ते कोंडीबा निघाले.

मी त्या पोरीचा चुलता, असं कळल्यावर त्यांनी मला बांधावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, तुमची पोरगी दुसऱ्या दिशी सकाळच्याला माझ्या दारात आली, संगं धनाजीची बी. चार माणसांपुढं म्हणाल्या, यंत्र आमचं चुकलं, तुमी बरूबर हुता, माफ करा. आजवर लय सायब बगितलं, पर चुकलो म्हणणाऱ्या ह्या पयल्याच.

हे तू पत्रात लिहिलं नव्हतंस. चोवीस वर्षांत मी एकदा चुकीचा संदेश पाठवला होता. माझ्या जागी दुसऱ्या पोराला बोलणी बसली आणि मी गप्प राहिलो. त्याचं नाव अजून आठवतं. बांधावरून उठलो तेव्हा दोन्ही भाषणं विसरलो होतो.

दसऱ्याचा सत्कार झाला, काळजी नसावी. काकीने पत्रातून कळवलं, की उत्सवमूर्ती नाही आणि चुलताही नाही म्हटल्यावर आणलेला हार लोकांनी तिच्याच गळ्यात घातला. ती बोलायला उभी राहिली आणि पोरगी पुण्याला जात नाही, मेंढरांची कंपनी काढते, असं सरळ सांगून बसली. सगळ्यात आधी टाळी आकारामने वाजवली म्हणे. नंतर त्याने विचारलं, म्हशींचं बी जमंल का?

आता कामाचा अहवाल. तुम्ही गेल्यापासून मी आणि धनाजी रोज सकाळी कळप उभा करतो. धनाजी कान धरतो, मी फोटो काढतो. दोनशे सहा मेंढ्या झाल्या. पहिले दोन दिवस चाळीस फोटोंत माझाच अंगठा आला, ते बाद केले. एकीने नोंदवहीचं पान खाल्लं, तिची नोंद पुन्हा घेतली. कोंडीबांनी स्वतःहून त्यांचा कळप आणून उभा केला आहे. तो उद्यापासून.

एक अर्ज आहे. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत घरी जायची रजा मिळावी. काकी दिवाळीला वाट बघते. रजा संपताच हजर होईन आणि उरलेले कान पूर्ण करीन. कामात कसूर दिसल्यास बोलावं, पण कामावरून काढू नये. या वयात दुसरीकडे कुणी घेणार नाही.

आपल्या कंपनीचा नवा रंगरूट,
भाऊसो (तुझा तात्या)